माझ्या नावाची गिटार काढू का?



रविवारच्या व्हिडिओत मी एक गोष्ट अर्धवट सांगितली आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेमकी तीच पकडली: "सर, तुमच्या नावाची गिटार येतेय म्हणे?" बारा मिनिटांच्या व्हिडिओत ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. शेवटाकडे आकडेमोड आहे, तेव्हा वही घेऊन बसा.

झालं असं, की गेल्या महिन्यात एक सप्लायर खडकवासल्याला आमच्या दुकानात आले. बाहेर पाऊस धो धो, दुकानात गिऱ्हाईक नाही, चहा निवांत झाला. मग त्यांनी बॅगेतून एक इलेक्ट्रिक गिटार काढली. काळी, चकचकीत, दिसायला झकास. म्हणाले, "दादा, हिच्या डोक्यावर तुमच्या चॅनेलचा लोगो आणि मागे तुमची सही. पन्नास पीस घ्या. तुमचं सिग्नेचर मॉडेल!"

मी म्हटलं, "शेठ, मी कुठला मोठा गिटारिस्ट? दुकान चालवतो, धंदा शिकवतो, जमेल तसं वाजवतो."

ते हसले. "लोक गिटार घेत नाहीत दादा. माणूस घेतात."

खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. त्या रात्री बिलबुकाच्या मागच्या पानावर मी चार-पाच वेळा सही करून पाहिली, कुठली चांगली दिसते ते. सकाळी आबांना सांगितलं. आबांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण आयुष्य सायकलच्या दुकानात गेलंय. ते एवढंच म्हणाले, "सही कर की. फक्त कोऱ्या कागदावर करू नकोस."

या एका वाक्यावर मी महिनाभर अडकलोय. हा लेख म्हणजे त्याचाच हिशोब.

बॅट आणि स्टिकर

माझ्या वयाची जी मंडळी आहेत त्यांना एमआरएफचं स्टिकर आठवत असेल. सचिनच्या बॅटवर ते होतं, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक बॅटवर ते पाहिजे. मीही हट्ट करून स्टिकरवाली बॅट घेतली होती. ती काही खरी त्या कंपनीची नव्हती, कुणीतरी साध्या बॅटवर स्टिकर डकवलेलं. तिसऱ्या रविवारी टेनिस बॉलवर ती टोकाला चिरली. गंमत बघा, मी बॅट बनवणाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, कारण तो कोण हे मला माहीतच नव्हतं. राग आला तो विकणाऱ्या दुकानदाराचा. त्याच्या दुकानात मी नंतर कधी गेलो नाही.

हे डोक्यात ठेवा. नाव कुणाचंही असो, राग कुणावर निघतो ते बघा.

सहीचं मॉडेल म्हणजे नक्की काय?

ज्यांना गिटारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या वादकाच्या नावाने, त्याच्या पसंतीप्रमाणे काढलेली गिटार म्हणजे सिग्नेचर मॉडेल. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकाच्या शेवटी निक लुकास या गायक-वादकाच्या नावाची गिटार काढली होती. सगळ्यात गाजली ती १९५२ ची लेस पॉल. वरचा भाग मेपल लाकडाचा आणि कोरून गोलाई दिलेला, रंग सोनेरी, दोन पिकअप. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, इलेक्ट्रिक गिटारीचा कान म्हणा. गिटार महाग होती.

मग १९५४ साली गिब्सनने एक काम केलं आणि आपल्या दृष्टीने धडा इथे आहे. त्यांनी शिकणाऱ्या पोरांसाठी 'लेस पॉल ज्युनिअर' काढली. किंमत मूळ गिटारीच्या निम्म्याच्या आसपास. आता निम्म्या किमतीत बसवायचं तर काहीतरी कापावं लागणार. त्यांनी काय कापलं? कोरलेला मेपलचा भाग काढून सपाट महोगनीची फळी ठेवली. दोन पिकअपऐवजी एक. सोनेरी रंग गेला, सजावट गेली, मानेवर साधे ठिपके राहिले. आणि काय ठेवलं? महोगनीची मान, ती अंगात चिकटवून बसवायची पद्धत, आणि जो पिकअप महागड्या गिटारीत होता त्याच जातीचा पिकअप.

म्हणजे दिखाव्याचं कापलं, आवाजाचं ठेवलं. परिणाम असा, की शिकाऊ पोरांसाठी काढलेली ती गिटार पुढे मोठमोठ्या वादकांनी स्टेजवर नेली. ग्रीन डे बँडचा बिली जो आर्मस्ट्राँग ज्युनिअर वाजवतो. त्याच्या सहीची ज्युनिअर निघाली आणि तिचीही स्वस्त आवृत्ती एपिफोनच्या नावाखाली आली. एका स्वस्त सहीच्या गिटारीतून पुढची स्वस्त सहीची गिटार!

दुसरं उदाहरण अलीकडचं. डायनासोर ज्युनिअर बँडचा जे मॅसिस. तो फेंडर कंपनीची जॅझमास्टर वाजवतो. ही गिटार १९५८ मध्ये जॅझवाल्यांसाठी काढली होती, पण जॅझवाल्यांनी ती फारशी उचलली नाही. पुढे सेकंडहँड बाजारात ती स्वस्तात मिळायला लागली आणि खिशात कमी पैसे असलेल्या रॉकवाल्या पोरांनी ती आपली केली. २००७ मध्ये मॅसिसच्या सहीची फेंडर आली आणि २०११ मध्ये फेंडरच्याच स्वस्त ब्रँडने, म्हणजे स्क्वायरने, त्याच्या सहीचं परवडणारं मॉडेल काढलं. त्यातही तोच विचार दिसतो. लाकूड साधं वापरलं. पण फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, मॅसिसला लागतात तशा जाड ठेवल्या. जोरात वाजवलं तर मूळ ब्रिजवरून तार सरकायची, म्हणून तिथे ठाम बसणारा ब्रिज दिला. म्हणजे माणसाच्या सहीबरोबर त्याची सवयही गिटारीत उतरली. ज्यांना मॅसिस कोण हे माहीत नाही असेही लोक ती गिटार घेतात, ते यामुळेच.

बीबीएला आम्हाला ब्रँड इक्विटीवर एक अख्खं युनिट होतं. मी चांगले मार्क पाडले होते. पण नाव आणि सवय यातला फरक मला दुकानात बसल्यावर कळला.

परदेश कशाला, मिरजेला जा

हे सगळं तिकडचं वाटत असेल तर आपल्या मिरजेकडे बघा. एकोणिसाव्या शतकापासून तिथे तंतुवाद्यं बनतात. सुरुवात केली ती शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी. हत्यारांना धार लावणारे हात सतारीकडे वळले. भोपळे पंढरपूरकडून येतात आणि त्यांची सतार-तानपुरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

आता सतार घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न काय विचारतात? "रविशंकर पद्धतीची हवी की विलायतखाँ पद्धतीची?" झालं की नाही सिग्नेचर मॉडेल! पण इथे नावाचा अर्थ बघा. रविशंकर पद्धत म्हणजे खर्जाच्या जाड तारा असणार, बहुतेक वेळा वरती दुसरा भोपळा, नक्षीकाम भरपूर. विलायतखाँ पद्धत म्हणजे त्या खर्जाच्या तारा नाहीत, नक्षी कमी, आणि मींड जोरात खेचली तरी सहन करेल अशी तबली. तबली म्हणजे वरची लाकडी पाटी.

म्हणजे तिथे कलाकाराचं नाव म्हणजे मोजमाप आहे, सतारीवर कलाकाराची सही नसली तरी चालतं. नाव घेतलं की काय मिळणार ते घेणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. माझ्या मते सिग्नेचर या शब्दाचा यापेक्षा प्रामाणिक वापर नाही.

आता मी स्वतःला विचारलं, माझ्या नावाचं मोजमाप काय? सप्लायरने आणलेल्या त्या काळ्या गिटारीत माझं असं काय होतं? लोगो सोडला तर काहीच नाही. उद्या तीच गिटार दुसऱ्या चॅनेलवाल्याच्या नावानेही निघू शकते. आबांचा कोरा कागद तो हाच.

मालक काय सांगतात

निर्णय घ्यायच्या आधी मी एक काम केलं, तेच तुम्हालाही करायला सांगतो. ज्यांनी वस्तू घेतलीय त्यांना विचारा. जे घेणार आहेत ते स्वप्न सांगतात, ज्यांनी घेतलीय ते अनुभव सांगतात.

परदेशी वादकाच्या सहीच्या परवडणाऱ्या गिटारी आमच्याकडे सेटअपला येतात. सेटअप म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक, सुरांची बरोबरी हे सगळं हातासारखं करून देणं. त्या वहीतून मी एकाच मॉडेलच्या सहा मालकांना गाठलं. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सहा माणसं म्हणजे काही सर्व्हे नव्हे आणि कुणा कंपनीचा निकाल लावायला मी बसलेलो नाही. मला धंद्याचा धडा हवा होता.

पहिला, नांदेड सिटीतला आयटीवाला. कॉलेजपासून त्या वादकाचा भक्त. बॉक्स उघडला तेव्हा डोळ्यात पाणी आलं म्हणाला. मी विचारलं, आता वर्ष झालं, काय वाटतं? म्हणाला, "वाजवताना नाव मला दिसतच नाही. ते समोरच्याला दिसतं. माझ्या हाताला मान लागते." मान छान आहे म्हणून तो खूश आहे. नावाचा विषय त्याच्यासाठी आठवड्यात संपला होता.

दुसरा, सिंहगड रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला पोरगा. सेकंडहँड घेतली. वादकाचं नाव त्याने गिटार घेतल्यावर शोधलं! त्याला त्या किमतीत तसा पिकअप दुसरीकडे मिळत नव्हता. खुंट्या बदलल्या, नट बदलला, आणि आता म्हणतो की दुप्पट किमतीच्या गिटारीशी अदलाबदल करणार नाही.

तिसऱ्या, किरकटवाडीच्या एक काकू. दहावीतल्या मुलासाठी घेतली. त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो बीबीएच्या कुठल्याही सरांनी विचारला नव्हता: "यात गिटारीचे किती आणि नावाचे किती?" मला उत्तर देता आलं नाही.

चौथा, धायरीचा, ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याने ती विकून टाकली, पण तक्रार म्हणून नाही. "नाव होतं म्हणून दोन दिवसांत गेली आणि पैसे बरे आले." हा मुद्दा नावाच्या बाजूचा आहे आणि तो खरा आहे. सहीची वस्तू पुन्हा विकताना हात देते.

पाचवी, बीएला असलेली एक मुलगी. तिचं म्हणणं मला सगळ्यात जास्त विचारात पाडून गेलं. "सर, साधी गिटार असती तर मी दुसऱ्या महिन्यात सोडली असती. यांची आहे म्हणून रोज हातात घेतली." म्हणजे नावाला नुसता दिखावा म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही. नाव माणसाला रोज वस्तूकडे ओढत असेल तर तेही गिऱ्हाइकाला मिळालेलं मोलच आहे.

आणि सहावा. हा शिवण्याचा मुलगा, बारावी झालेला. घेतल्यावर चार महिन्यांत गिटार बॅगेत गेली आणि पलंगाखाली. मी म्हटलं, घेऊन ये, बघू. आणली. नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची ती खाचांची पट्टी, त्यातल्या खाचा खोल कापलेल्याच नव्हत्या. पहिल्या फ्रेटवर तार दाबायची तर बोट तुटायची वेळ. त्या गिटारीवर एफचा कॉर्ड मलाही धड लागेना. नटाच्या खाचा नीट करून तारा बदलल्या, अर्ध्या-पाऊण तासात गिटार लोण्यासारखी झाली.

त्याने वाजवून बघितली आणि गप्प बसला. मग म्हणाला, "मला वाटलं मलाच जमत नाही."

मंडळी, हे वाक्य तुम्ही परत वाचा. त्या पोराने कंपनीला दोष दिला नाही, त्या वादकाला दिला नाही, दुकानालाही दिला नाही. स्वतःला दिला. मोठ्या माणसाची सही असलेली वस्तू चुकीची कशी असेल, चूक आपलीच असणार, असं त्याने धरून चाललं. वस्तूवर नाव जितकं मोठं, तितका नवखा माणूस स्वतःवर संशय घेतो. आणि नवखा माणूसच तर स्वस्त मॉडेल घेतो!

उद्या त्या गिटारीवर माझं नाव असेल, आणि माझे व्हिडिओ बघून धंदा शिकणारा कुणी पोरगा 'मलाच जमत नाही' म्हणून ती पलंगाखाली ढकलेल. मला ते कळणारही नाही. तक्रार आली तर दुरुस्त तरी करता येतं. न आलेल्या तक्रारीचं काय करणार?

माझा जुना घाव

हे सगळं मला सुचतंय कारण मी एकदा हात पोळून घेतलाय. २०१९ मध्ये मी दुकानाचं नाव छापलेले शंभर कापो काढले होते. कापो म्हणजे गिटारीच्या मानेला लावायचा चिमटा. स्वस्त पडले, नाव झळकलं, मी खूश. महिन्याभरात स्प्रिंग ढिल्या पडायला लागल्या. एक ओळखीचा मुलगा गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवत होता आणि कापो मधेच सुटला. तो माझ्याकडे आला तेव्हा काय म्हणाला? "सर, तुमचा कापो निघाला." तुमचा! बनवणारा कोण, माल कुठून आला, कुणी विचारलं नाही. नाव माझं होतं ना.

उरलेले चाळीस-एक कापो अजून माळ्यावर आहेत. विकवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. क्लासमधल्या पोरांना डेड स्टॉक म्हणजे काय हे दाखवायला काढतो.

आता आकडे

सप्लायरच्या कागदावरचा हिशोब असा होता. एक गिटार मला ७,८०० रुपयांना, मी विकायची ११,५०० ला. एका नगामागे ३,७०० रुपये. पन्नास नगांचे १,८५,००० रुपये. दिसायला गोड.

मी माझा कागद केला.

- नव्या तारा आणि बारीकसारीक सामान: ४५० रुपये
- प्रत्येक गिटारीचा सेटअप, नटासकट, साधारण दोन तासांची मजुरी: ५०० रुपये
- पहिल्या पावसाळ्यानंतर एक सेटअप फुकट: ५०० रुपये

हा तिसरा खर्च कुणी धरत नाही. आमच्याकडे धरणाच्या काठाला जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकं पाणी असतं की लाकूड फुगतं, मान वाकते, तारा वर उचलल्या जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलटं होतं. मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. महागडी गिटारही यातून सुटत नाही, स्वस्त तर नाहीच. त्यामुळे पुण्यात गिटार विकायची तर सेटअप वर्षातून एकदा तरी लागणारच.

तर खर्च झाला १,४५० रुपये. नगामागे उरले २,२५०. आता समजा पन्नासातले पाच नग मला नापास करावे लागले किंवा विकलेच गेले नाहीत. ४५ नगांचे १,०१,२५०. अडकलेल्या पाच नगांचे ३९,००० वजा केले. हातात ६२,२५० रुपये. त्यासाठी आधी गुंतवायचे ३,९०,०००. माल विकायला आठ-दहा महिने धरा. कर्जाचं व्याज मी अजून धरलेलंच नाही.

१,८५,००० आणि ६२,२५०. दोन्ही हिशोब त्याच गिटारीचे आहेत. फरक एवढाच, की पहिल्यात मी फक्त नाव देतोय आणि दुसऱ्यात नावाची जबाबदारीही घेतोय. कुणी म्हणेल, सेटअप न करता विका की, सगळेच विकतात. विकतात, खरंय. पण मग शिवण्याच्या त्या पोराची गिटार मीच विकली असती.

मग मी काय ठरवलं?

माझं मत स्पष्ट सांगतो. परवडणाऱ्या वस्तूवर मोठं नाव घालण्यात काही चूक नाही. लेस पॉल ज्युनिअर हे त्याचं चोख उदाहरण आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा किंमत कमी करताना वापरणाऱ्याच्या हाताला लागणारा भाग कापला जातो आणि डोळ्याला दिसणारा भाग ठेवला जातो. गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात डोळ्याने वस्तू घेतं, पण नंतर अनेक वर्षं ती हाताने वापरतं.

म्हणून सप्लायरना मी नाही म्हटलेलं नाही. माझ्या अटी पाठवल्या:

१. पन्नास नाही, आधी दहा पीस.

२. नटाच्या खाचा आणि फ्रेटची टोकं मी सांगेन तशी करून द्यायची. पॉलिश कमी चकचकीत असलं तरी चालेल, तिथे पैसे वाचवा.

३. जो नग मला पटणार नाही तो परत घ्यायचा.

४. डोक्यावर माझं नाव नाही. त्याऐवजी प्रत्येक गिटारीबरोबर एक कार्ड. त्यावर तारांची उंची, सेटअपची तारीख, आणि खाली माझी सही, पेनाने, त्या एका नगासाठी केलेली.

चौथी अट वाचून त्यांचा फोन आला. "दादा, डोक्यावर नाव नसेल तर फायदा काय?" मी म्हटलं, "शेठ, छापलेली सही मी न बघितलेल्या गिटारीवरही असते. पेनाची सही मी हातात घेतलेल्या गिटारीचीच होणार." ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून उत्तर आलेलं नाही. कदाचित येणारही नाही, आणि तेच मॉडेल दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने बाजारात दिसेल. दिसलं तर थोडं वाईट वाटेल, हेही कबूल करतो. बिलबुकावरची ती सही चांगली आली होती!

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्यातले फार थोडे गिटार विकणार आहेत. कुणाचा मसाला आहे, कुणाचे केक, कुणी ब्लाउज शिवतं, कुणी अगरबत्ती पॅक करून विकतं. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर आपलं लेबल लावायची ऑफर तुम्हालाही येणार, कारण आजकाल कुठल्याही मालावर ते लावून मिळतं. तेव्हा सही करण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहा.

पहिला: माझ्या नावाचं मोजमाप काय? मिरजेत रविशंकर पद्धत म्हटलं की तारा कोणत्या ते कळतं. तुमच्या नावाचा मसाला म्हटल्यावर काय कळतं? तिखट किती, मीठ आहे की नाही, कुटलेला की दळलेला? एका ओळीत सांगता येत नसेल तर अजून थांबा.

दुसरा: स्वस्त करताना मी काय कापतोय? दोन रकाने करा, डोळ्याचं आणि हाताचं. कात्री नेहमी डोळ्याच्या रकान्यात आधी चालवा. डबा साधा चालेल, केकवरचं फूल नसलं तरी चालेल. ब्लाउजची आतली शिलाई कापू नका.

तिसरा: गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देईल अशी माझ्या वस्तूत कुठली खोट आहे? 'मलाच भाजी नीट जमली नाही', 'माझंच अंग जाड झालं', 'मीच नीट वापरलं नसेल'. अशी तक्रार तुमच्यापर्यंत कधीच येत नाही, गिऱ्हाईक नुसतं यायचं थांबतं. म्हणून महिन्यातून सहा जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा. विकायला नाही, विचारायला.

जाता जाता एक सांगतो. आमच्या धरणाच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी या. कणसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, सगळ्यांचा कोळसा सारखा आणि कणसंही बहुधा एकाच टेम्पोतून उतरलेली. तरी एका मावशींकडे गर्दी जास्त असते. गाडीवर नाव नाही, बोर्ड नाही. त्या कणीस सगळीकडून सारखं फिरवतात, आणि एखादं जास्त करपलं तर ते बाजूला ठेवून दुसरं भाजायला घेतात. करपलेलं कणीस त्या कुणाच्या हातात देत नाहीत.

सप्लायरचं उत्तर आलं की पुढच्या व्हिडिओत सांगतो. तोपर्यंत माळ्यावरचे कापो आहेतच, मला जमिनीवर ठेवायला.